घडवणारे आणि नेमणारे : धारूरच्या शाळा आणि शिक्षक-प्रशिक्षणाचा इतिहास

शिक्षक घडवणारी संस्था एक आणि त्याला नेमणारी संस्था दुसरी, ही व्यवस्था आज इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कायमची नव्हती आणि ज्या टप्प्यांनी ती रूढ झाली त्या प्रत्येक टप्प्याचा परिणाम खेड्यातल्या वर्गावर झाला, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात खेड्यातल्या सरकारी प्राथमिक शिक्षकाची नेमणूक जिल्हा परिषद करते. त्याला पदविका देणारे अध्यापक विद्यालय राज्याच्या शिक्षणखात्याच्या अभ्यासक्रमाने चालते. माध्यमिक शिक्षकाला बी.एड.ची पदवी देणारे अध्यापक महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असते. आणि या सर्वांना मान्यता देणारी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद दिल्लीत असते. या चौघांचा एकमेकांशी संबंध यावा असे ठिकाण एकच, ते म्हणजे प्रत्यक्ष शाळा, आणि तो संबंध कितपत आला हे पाहायचे तर मोठ्या शहरांपेक्षा धारूरसारख्या गावाच्या बाजूने पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

बीड जिल्ह्यातील धारूर, ज्याला किल्ल्यामुळे किल्लेधारूर म्हणतात, बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास येथे किल्ला बांधला, दोनच वर्षांनी अहमदनगरच्या निजामशाहीने तो जिंकला आणि १६३१ मध्ये तो मोगलांच्या हाती गेला. दख्खनच्या सत्तांना या गावाचे महत्त्व वाटले ते घाटवाटेवरील मोक्याच्या जागेमुळे. तीच जागा शाळांच्या दृष्टीने अडचणीची ठरली. गाव स्वतः बाजारपेठेचे, पण तालुक्यातील भोगलवाडी, चोरंबा, सोनीमोहा, जहागीरमोहा, पहाडी पारगाव यांसारखी गावे आणि त्यांच्या भोवतीच्या वाड्या-तांडे डोंगरउतारावर विखुरलेले, जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा आणि सीताफळाखेरीज डोंगराचे हमखास उत्पन्न थोडे. परिणामी दसरा-दिवाळीच्या सुमारास घरेच्या घरे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या प्रदेशात जातात आणि फड संपल्यावर, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी, परततात. शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासात या स्थलांतराचा उल्लेख अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. पुढे ते किती प्रस्तुत आहे हे दिसेल.

सरकारी शाळा येण्यापूर्वी मराठी मुलखात पंतोजीची शाळा असे. ओसरीवर किंवा देवळात भरणाऱ्या या शाळेत धुळाक्षरे, मोडी, पाढे आणि हिशेब शिकवले जात आणि पंतोजीचा निर्वाह पालकांनी दिलेल्या धान्यावर व नाण्यांवर चाले. या शाळेत शिक्षक घडवण्याची वेगळी सोय नव्हती, कारण ती शाळेच्या रचनेतच होती : थोरला मुलगा धाकट्याचे अक्षर गिरवून घेई, पाढे म्हणवून घेई, आणि ज्याला हे काम साधे तो पुढे स्वतःची शाळा काढी. मद्रासमध्ये अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने अशाच देशी शाळेत मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले आणि मुलांकडून मुलांना शिकवण्याच्या पद्धतीवर १७९७ मध्ये पुस्तिका छापली, तिच्यातून इंग्लंडमध्ये छात्रशिक्षकांची एक मोठी पद्धतच उभी राहिली. भारतात मात्र पंतोजीला अडाणी ठरवून ती रचना मोडली गेली. पंतोजीच्या शाळेचे दोष खरे होते; छडी, निव्वळ घोकंपट्टी आणि जातीची कुंपणे यांचा गौरव करण्याचे कारण नाही. तरीही शिकवण्याचे काम शिकवण्याच्या जागीच शिकायचे, हे तिचे तत्त्व हरवले, आणि पुढची दोनशे वर्षे ते परत आणण्याचे प्रयत्न निरनिराळ्या नावांनी होत राहिले.

मुंबई इलाख्यात हे काम लवकर सुरू झाले. मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली १८२६ पर्यंत २४ शिक्षक तयार करून जिल्ह्यांच्या शाळांवर पाठवले, त्यांपैकी १४ मराठी शाळांसाठी होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांसाठी ‘नॉर्मल स्कूल’ काढण्याची शिफारस केली. ‘नॉर्मल’ हा शब्द फ्रेंचांकडून आलेला, अध्यापनाचा नमुना किंवा प्रमाण ठरवून देणारी शाळा या अर्थाचा. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी भूषवले आणि शिक्षकांसाठी ‘मराठी शालापत्रक’ हे मासिकही याच वर्तुळातून निघाले. या व्यवस्थेचा एक विशेष फार महत्त्वाचा होता. लोकल बोर्ड, म्हणजे जिल्ह्याच्या शाळा चालवणारी स्थानिक संस्था, आपल्या उमेदवाराला विद्यावेतन देऊन ट्रेनिंगला पाठवी आणि शिक्षण संपल्यावर ठरावीक वर्षे त्याच जिल्ह्यात नोकरी करण्याचे बंधन घाली. घडवणारा आणि नेमणारा यांच्यामध्ये पैशाचा आणि जबाबदारीचा थेट दुवा होता. १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावाने तर प्रत्येक ट्रेनिंग कॉलेजला स्वतःची सराव पाठशाळा, म्हणजे नवशिक्या शिक्षकांनी पाठ घेऊन पाहण्याची शाळा, जोडलेली असावी असेही म्हटले. धारूर मात्र या इलाख्यात नव्हते.

धारूर निजामाच्या हैदराबाद राज्यात, भीर म्हणजे आजच्या बीड जिल्ह्यात होते. त्या राज्यात प्राथमिक शाळा तहतानिया, मधली वस्तानिया आणि माध्यमिक फौकानिया म्हणवली जाई. शिक्षक मुदर्रिस, मुख्याध्यापक सदर मुदर्रिस आणि जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी मोहतमिम तालीमात. मराठी मुलाने पहिली अक्षरे मराठीत गिरवली तरी वर जाण्याची वाट उर्दूतून जात असे, आणि १९१९ मध्ये वर्ग सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे असल्याने शिक्षकाला विद्यापीठाचे दार उघडायचे तरी त्याच भाषेतून उघडावे लागे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा उस्मानियाचा प्रयोग भारतात नवा आणि धाडसाचा होता, हे मान्य करावे लागते. पण बालाघाटातल्या मराठी मुलाच्या दृष्टीने ती देशी भाषा घरची नव्हती. ज्या शिक्षकाने स्वतः एका भाषेत शिकून दुसऱ्या भाषेत शिकवायचे, त्याच्या प्रशिक्षणाचा त्याच्या वर्गाशी मेळ बसणे अवघडच होते. विद्यापीठ आणि जिल्ह्यातील शाळा यांच्यातील पहिली दरी मराठवाड्यात अंतराच्या आधी भाषेने पाडली.

ही दरी भरून काढण्याचा प्रयत्न सरकारबाहेरून झाला. हैदराबाद संस्थानात खासगी शाळांवर कडक निर्बंध असतानाही हिप्परगे येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली आणि तेथे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, शिक्षक झाले. १९३० च्या दशकात ते धारूरजवळच्या मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला, योगेश्वरी शिक्षण संस्थेच्या शाळेत आले. या शाळांत अध्यापनशास्त्राचा वेगळा अभ्यासक्रम नव्हता. तरुण शिक्षक ज्येष्ठांबरोबर राहत, मुलांबरोबर जेवत, ज्येष्ठांचे शिकवणे ऐकत आणि हळूहळू स्वतः वर्ग सांभाळू लागत. अशा शाळांमुळे अंबाजोगाई मराठवाड्याचे एक शैक्षणिक केंद्र बनले, आणि आडसमार्गे अंबाजोगाईला जाणारा रस्ता धारूरच्या मुलांच्या पुढील शिक्षणाचा रस्ता झाला. पण त्या परंपरेला प्रमाणपत्र नव्हते आणि तिला शिस्तबद्ध रूप देण्याची सवड चळवळीच्या धामधुमीत कोणाला मिळाली नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, मराठी माध्यमाच्या शाळा गावोगाव उघडू लागल्या आणि शिक्षकांची टंचाई उघडी पडली. मराठी सातवीची परीक्षा, जिला लोक ‘फायनल’ म्हणत, उत्तीर्ण झालेला तरुण त्या काळी गावात सुशिक्षित समजला जाई आणि तोच बहुधा शाळेवर नेमला जाई. त्याला अप्रशिक्षित शिक्षक म्हणत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इलाख्यातील पी.टी.सी., म्हणजे प्राथमिक शिक्षकाचे प्रमाणपत्र, ही परंपरा येथेही रुळली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. या काळातील पद्धत अशी होती की, आधी नोकरी लागे आणि मग काही वर्षांनी जिल्ह्याच्या शिक्षण विभागाकडून त्या शिक्षकाला प्रशिक्षणासाठी पाठवले जाई. तो अध्यापक विद्यालयात राही, पाठ घेई, परीक्षा देई आणि पुन्हा आपल्या जिल्ह्यातील शाळेवर हजर होई.

या जुन्या क्रमाला मागासलेपणाचे लक्षण मानण्याची रीत आहे, आणि अप्रशिक्षित शिक्षकाच्या हाती पहिलीची मुले सोपवणे हे चांगले नव्हतेच. पण त्या क्रमात एक शहाणपण आपोआप सांभाळले गेले होते. प्रशिक्षणाला येणारा माणूस प्रश्न घेऊन येत असे : एकाच खोलीत चार इयत्ता कशा सांभाळायच्या, बाजाराच्या दिवशी निम्मी मुले का गळतात, पहिलीतल्या मुलाची वाडीतली बोली आणि पुस्तकातली भाषा यांचा सांधा कसा जुळवायचा. त्याच्या दृष्टीने अध्यापक विद्यालयातील प्रत्येक व्याख्यान या प्रश्नांच्या कसोटीवर उतरत असे किंवा फेटाळले जात असे. शिवाय त्याचा पगार देणारा जिल्हा आणि त्याला शिकवणारी संस्था यांचा संबंध त्या एका माणसाच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकून राही. पुढील काळात हा क्रम उलटून आधी प्रशिक्षण आणि मग नोकरी असे झाले, आणि बदललेल्या गोष्टींपैकी हा दुवा तुटणे ही सर्वांत मोठी हानी होती, असे म्हणण्यास जागा आहे.

अध्यापक विद्यालयात जे शिकवले जाई त्याचा कणा म्हणजे सराव पाठ. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी घालून दिलेल्या पाच पायऱ्या, ज्यांना मराठीत हर्बार्टची पंचपदी म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या पाठाचा साचा ठरल्या : पूर्वज्ञान जागवणारी प्रस्तावना, विषयाचे निवेदन, तुलना, निष्कर्ष आणि उपयोजन. छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्याचे शिक्षण घेणारा विद्यार्थी, पाठाचे टाचण एका वहीत काढी, प्रस्तावनेच्या प्रश्नांनंतर हेतुकथन करी, म्हणजे आज काय शिकायचे ते मुलांना सांगे, फलकलेखन करी आणि मागच्या बाकावर बसलेले प्राध्यापक निरीक्षण वहीत शेरा लिहीत. १९६३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाची पद्धत निघाली, म्हणजे पाच-सात मिनिटांच्या पाठात प्रश्न विचारणे किंवा स्पष्टीकरण करणे असे एकच कौशल्य घोटायचे. तीही पुढे मराठी अध्यापक महाविद्यालयांत आली. या कवायतीने पुष्कळ शिक्षकांना बोलण्याची शिस्त, फळ्यावरील सुवाच्य अक्षर आणि प्रश्न विचारण्याची सवय दिली, आणि तिची किंमत कमी लेखणे अन्यायाचे होईल. दोष होता तो जागेचा. सराव पाठ साहजिकच विद्यालयाच्या जवळच्या, पायी जाता येईल अशा शहरी शाळेत होत. वर्ग स्वतंत्र इयत्तेचा, मुले हजर, तासिका ठरलेली. त्या शाळेने आपला वर्ग काही दिवस उसना द्यायचा आणि परत घ्यायचा, एवढाच तिचा सहभाग. वर्गशिक्षकाला त्या पाठाबद्दल बोलण्याचा अधिकार नव्हता, त्यामुळे ज्या माणसाला ती मुले नावानिशी ठाऊक होती त्याचेच म्हणणे प्रशिक्षणाच्या बाहेर राहिले. अशा विद्यालयातून निघालेला नवा शिक्षक बालाघाटातल्या वाडीवर रुजू झाला की पहिल्याच सकाळी त्याच्यासमोर चार इयत्तांची मुले एकत्र बसलेली असत आणि पंचपदीतली पहिली पायरी कोणत्या इयत्तेसाठी चढायची हा प्रश्न उभा राही.

दरम्यान विद्यापीठही जवळ आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि तोवर उस्मानियाकडे बघणाऱ्या मराठवाड्याच्या महाविद्यालयांना, अंबाजोगाईच्या १९५६ मध्ये निघालेल्या योगेश्वरी महाविद्यालयासह, स्वतःचे विद्यापीठ मिळाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नांदेडला दुसरे विद्यापीठ निघाले, पण बीड जिल्हा औरंगाबादकडेच राहिला. विद्यापीठाच्या कक्षेत बी.एड. आले, म्हणजे माध्यमिक शिक्षक. प्राथमिक शिक्षकाचे प्रशिक्षण विद्यापीठाच्या बाहेरच राहिले आणि ही फारकत आजही पूर्ण मिटलेली नाही. वाडीवरच्या शाळेत पहिली ते चौथी किंवा पाचवीचेच वर्ग असल्याने, विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात झालेले संशोधन आणि डोंगरातली शाळा यांच्यामध्ये कायद्याने आखलेली एक रेघ उभी होती.

ही फारकत देशपातळीवर १९६६ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडली गेली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षक-प्रशिक्षण संस्थांचे एकटेपण तिहेरी असल्याचे दाखवले : त्या विद्यापीठीय जीवनापासून तुटलेल्या आहेत, शाळांपासून तुटलेल्या आहेत आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मराठी मुलखातलेच. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता, जेथे शाळा, शिक्षक-प्रशिक्षण आणि ग्रामीण परिसर एकाच आवारात आणण्याचा प्रयत्न झाला. आयोगाने सुचवलेला शाळासमूह, म्हणजे एका मोठ्या शाळेभोवती जवळच्या लहान शाळांचे मंडळ, हा विचार म्हणूनच केवळ कागदावर सुचलेला नव्हता.

परदेशात शाळा आणि प्रशिक्षणसंस्था यांची भागीदारी वेगळ्या दिशेने वाढत गेली. अमेरिकेत शाळा चालवते ती ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाची स्थानिक स्वायत्त संस्था, जिची तुलना आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाशी करता येईल. तेथे १८३९ मध्ये लेक्सिंग्टनला पहिले सरकारी नॉर्मल स्कूल निघाले, १८९६ मध्ये जॉन ड्युई यांनी शिकागो विद्यापीठाला प्रयोगशाळा-शाळा जोडली, आणि १९८६ नंतर होम्स ग्रुप या विद्यापीठीय शिक्षणशाखांच्या मंडळाच्या प्रेरणेने अशा शाळा निर्माण झाल्या जेथे विद्यापीठाचे प्राध्यापक, शाळेचे अनुभवी शिक्षक आणि नवशिके एकत्र काम करतात. वैद्यकीय महाविद्यालयाला जसे रुग्णालय तशी शिक्षणशाखेला ही शाळा. भारतात शाळा जोडून घेण्याच्या या विचाराचे थेट रोपण होम्स ग्रुपच्या आधीच, १९६३ मध्ये झाले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढली, त्यांना ओहायो स्टेट विद्यापीठाच्या तज्ज्ञांचे साहाय्य होते, आणि आवारातील प्रात्यक्षिक शाळेबरोबरच दूरच्या ‘सहकारी शाळां’मध्ये छात्राध्यापकांनी सलग राहून काम करण्याची पद्धत तेथे सुरू झाली. महाराष्ट्र भोपाळच्या क्षेत्रात होता. पण चार महाविद्यालये म्हणजे चार नमुने. मराठवाड्याच्या अध्यापक महाविद्यालयांपर्यंत त्यातून पोचला तो ‘इंटर्नशिप’ हा शब्द, ज्याचे मराठीत ‘छात्रसेवाकाल’ आणि पुढे ‘आंतरवासिता’ असे रूपांतर झाले.

जिल्हा आणि प्रशिक्षण यांना एकत्र आणण्याचा सर्वांत गंभीर सरकारी प्रयत्न १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून आला. प्रत्येक जिल्ह्यात एक जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, बोलीभाषेत ‘डाएट’, असावी, ती नवे शिक्षक घडवील, नोकरीतल्या शिक्षकांना उजळणी देईल, जिल्ह्याच्या शाळांवर संशोधन करील आणि ठरावीक शाळांचे एक प्रयोगक्षेत्र सांभाळील, अशी ही कल्पना होती. बीड जिल्ह्याची डाएट अंबाजोगाईला झाली. धारूरच्या दृष्टीने हा योग मोलाचा होता, कारण प्रथमच जिल्ह्याच्याच नावाची, जिल्ह्याच्याच शाळांसाठी बांधलेली प्रशिक्षणसंस्था शेजारच्या गावी आली. १९९४ नंतर राज्यात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुखांची रचना उभी राहिली, म्हणजे कोठारी आयोगाच्या शाळासमूहाला प्रशासकीय रूप मिळाले; आणि जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम या केंद्रपुरस्कृत योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात बीड जिल्ह्याचा समावेश झाल्यावर साहित्य, प्रशिक्षणे आणि तज्ज्ञ मार्गदर्शक तालुक्यापर्यंत येऊ लागले. केंद्रशाळेत दर महिन्याला भरणारी शिक्षण परिषद, जिथे आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसून एखादा पाठ पाहतात आणि त्यावर बोलतात, ही या सर्व रचनेतील सर्वांत जिवंत गोष्ट म्हटली पाहिजे, कारण तेथे शिक्षक शिक्षकाकडून शिकतो. मात्र तिथे नोकरीतले शिक्षक येत. छात्राध्यापकाला त्या बैठकीत जागा नव्हती. म्हणजे घडलेल्यांची शाळा एकीकडे भरत होती आणि घडणाऱ्यांची दुसरीकडे.

यानंतरची वीस वर्षे ही बालाघाटातल्या तरुणांच्या दृष्टीने फार कष्टाची आहेत. डी.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका घेतली की नोकरी लागते, हा अनुभव जुन्या पिढीने गाठीशी बांधला होता आणि कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरांना तो एकच भरवशाचा मार्ग वाटत होता. विनाअनुदानित अध्यापक विद्यालये या भरवशावर राज्यभर उगवली. २००० पासून नव्या शिक्षकाला तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून मानधनावर काम करावे लागू लागले. प्राथमिक स्तरावर हे मानधन सुरुवातीला महिना ३,००० रुपये होते, पुढे ६,००० आणि २०२३ मध्ये १६,००० झाले. शिक्षण सेवकाची तीन वर्षे ही खरे तर ज्येष्ठ शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली घडण्याची वर्षे करता आली असती, पण ती केवळ कमी पगाराची वर्षे राहिली. अध्यापक विद्यालयांच्या वाढीला कोणताच धरबंध उरला नाही, याची साक्ष सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या एका प्रकरणात आहे : महाराष्ट्रातील २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद तेथे पोचला आणि न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या एकूण शिक्षक-शिक्षणाची तपासणी करणारा आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्याच वर्षी २ मे रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षकभरती थांबवली. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टलवरून राज्यस्तरीय निवड असे टप्पे आले आणि दरम्यान हातात पदविका घेतलेल्या तरुणांची वये निघून गेली. विद्यालयेही एकामागून एक ओस पडली.

राज्यस्तरीय गुणवत्ता यादीने निवडीतील वशिला आणि देवघेव यांना आळा घालण्याचा प्रयत्न केला, आणि ज्या घरांकडे देण्यासारखे काही नव्हते त्यांच्यासाठी ते आवश्यकच होते. तरी त्याचबरोबर घडवणारा आणि नेमणारा यांच्यातील उरलासुरला धागाही संपला. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक रुजू व्हायचा तिने त्याला कधी पाहिलेले नाही, त्याने ज्या विद्यालयात पाठ घेतले त्याला त्या शाळेचे नावही ठाऊक नाही.

वर्मा आयोगानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे नियम केले, बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात २० आठवड्यांची आंतरवासिता अनिवार्य झाली : पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे. उसन्या वर्गातील मोजक्या पाठांच्या तुलनेत हा मोठा पालट आहे. सोळा आठवड्यांत मूल आजारी पडून परत येताना दिसते, एखादा धडा न कळल्याचे पंधरा दिवसांनी उमगते, परिपाठापासून पोषण आहाराच्या नोंदीपर्यंत शाळेचे सारे कामकाज हाताखालून जाते. बालशिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणून वाड्यांवरच्या बहुतेक शाळा द्विशिक्षकी असतात; अशा शाळेत तिसऱ्या, शिकाऊ माणसाचे येणे मुलांना आणि शिक्षकांना सारखेच उपकारक ठरेल. आणि येथेच ऊसतोडीचे स्थलांतर या इतिहासात शिरते. अलीकडच्या वर्षांत प्रवेश परीक्षा आणि प्रवेशफेऱ्या लांबत गेल्याने पहिल्या वर्षाचे वर्ग पावसाळा सरता सरता सुरू होतात, त्यामुळे पहिली आंतरवासिता दिवाळीनंतरच पडते. तोवर धारूरच्या डोंगरपट्ट्यातील घरांना कुलपे लागलेली असतात, नवरा-बायकोचा कोयता फडात पोचलेला असतो आणि पटावरची किती तरी मुले एकतर आईवडिलांबरोबर कारखान्याच्या पालावर असतात किंवा आजी-आजोबांकडे मागे राहून शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतात. या मुलांना फडावरून परतल्यावर पुन्हा वाचनाला कसे लावायचे, याचे ज्ञान तालुक्यातील ज्येष्ठ शिक्षकांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या बळावर मिळवले आहे, आणि शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ते आलेले नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने चार वर्षांची एकात्मिक शिक्षक-पदवी सुचवून प्राथमिक शिक्षकालाही विद्यापीठाच्या कक्षेत आणण्याचे ठरवले आहे आणि अशी पदवी देणाऱ्या संस्थेभोवती सरकारी व खासगी शाळांचे जाळे असावे अशी अपेक्षा ठेवली आहे. दुसरीकडे ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठीची अर्हता नव्हे असे ठरवले, त्यामुळे आजच्या घडीला विद्यापीठाचा बी.एड.धारक पहिली ते पाचवीला नेमला जाऊ शकत नाही आणि या वर्गांसाठी पदविकाधारकच लागतो. आंतरवासितेपुरते पाहिले तर बी.एड. आणि पदविका या दोन्ही अभ्यासक्रमांची दुसरी वर्षे मात्र जूनमध्येच सुरू होऊ शकतात, कारण त्यांना प्रवेशफेरीची वाट पाहावी लागत नाही. मृगाच्या सुमारास शाळा उघडल्यापासून दसऱ्यापर्यंत जवळपास सोळाच आठवडे मिळतात. त्या काळात चोरंब्याच्या, भोगलवाडीच्या, पहाडी पारगावच्या शाळांत पट भरलेला असतो, मुले घरी असतात, आणि शिकवणे शिकायला आलेल्या तरुणाला आपल्या हाती सोपवलेली सगळी मुले वर्गात भेटतात.